चोयजिलमामाची करडी गाडी

पुढे बसा, पण दार जोरात ओढा,
नाहीतर खड्ड्यात ते आपणहून उघडतं.
ही करडी रुग्णवाहिका माझ्याहून थोडीच लहान.
कुरकुरते, खोकते,
पण गोबीच्या वाळूत तिनं मला
कधी तोंडघशी पाडलं नाही.
बरं, एकदा पाडलं. तेच सांगतो.

हुलान घोड्यावरून पडली.
घोड्याचा दोष नव्हता,
पायाशी भुर्रकन पक्षी उडाला, तो बिचकला.
कोपरापाशी हात असा वळला
की हातालाच कळेना कुठं जायचं.
आई रडली नाही.
मेंढ्यांनी मात्र आरडाओरडा केला.

पहिलं हॉस्पिटल मोटरसायकलवरून आलं.
हसताय काय?
यांजमाबाई आल्या, म्हणजे हॉस्पिटल आलं.
डॉक्टरहून थोड्या कमी, नर्सहून थोड्या जास्त,
आणि भरवशाच्या दोघांहून.
त्यांच्या हॉस्पिटलला भिंती नाहीत,
खांद्याला अडकवायचा पट्टा आहे.
तंबूच्या छताची एक जुनी काठी मोडून
त्यांनी हाताला दोन्हीकडून आधार बांधला,
आणि मला फोन केला,
टेकडीवर चढून, कारण खाली रेंज नाही.

तालुक्याचं हॉस्पिटल एकमजली, दहा खाटांचं.
डॉक्टर ओद्वाल एकट्याच.
सकाळी दात, दुपारी पोट,
रात्री एखादं बाळ जन्माला घालणं.
मागे एक छोटं निळं घर आहे,
तिथं कुणीच आजारी नसतं!
लांबच्या कुरणांवरच्या पोटुशा बाया
आधीच येऊन राहतात,
मोजे विणतात, खारट दूध-चहा पितात,
आणि बाळांची वाट बघतात.
एकीनं हुलानला अर्धा विणलेला मोजा दिला.
तो सुजलेल्या बोटांवर नीट बसला.

जिल्ह्याचं हॉस्पिटल तीन मजली.
तिथं हाडांचा फोटो निघाला,
काळ्या काचेवर पांढरी दोन टोकं,
भांडण झाल्यासारखी एकमेकांकडे पाठ करून.
"लहान मुलांची हाडं अजून वाढतायत,
इथं घाई करून चालायचं नाही," तिथले डॉक्टर म्हणाले,
"राजधानीला न्या."

राजधानी म्हणजे उलानबातर.
तिथं शरीराच्या एकेका तुकड्याला
वेगळं हॉस्पिटल!
मला काय ठाऊक?
मी आधी डोळ्यांच्या हॉस्पिटलपाशी थांबलो.
पहारेकरी म्हणाला, हिचे डोळे तर लख्ख आहेत.
मग बाळंतिणींच्या दवाखान्यापाशी.
तिथं एक नवा बाप फुगे घेऊन उभा होता,
त्यानं मला मिठी मारली, का ते त्यालाही माहीत नव्हतं.
आणि तिथंच, भर रस्त्यात,
ही बया बंद पडली.

किल्ली फिरवली. खर्र. पुन्हा खर्र.
मागून शंभर हॉर्न.
हुलान म्हणाली, "मामा, हिला कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं?"

तेव्हा फुगेवाला बाप आला ढकलायला.
एका डोळ्यावर पट्टी बांधलेले एक आजोबा आले,
"एका डोळ्यानंही ढकलता येतं," म्हणत.
गुडघ्यांना सुया टोचून घ्यायला,
जुन्या औषधांच्या हॉस्पिटलात निघालेली
एक आजीबाईसुद्धा आली,
तिनं ढकललं कमी, ओरडली जास्त.
अशी ही गाडी
चार हॉस्पिटलांच्या माणसांनी ढकलत ढकलत
मोडक्या हाडांच्या हॉस्पिटलच्या दारात आणली.

पुढचं सोपं होतं. म्हणजे मला सोपं,
हुलानला नाही. तिला झोपवलं, हाड बसवलं,
जागी झाली तेव्हा हात पांढरा, जड,
आणि भूक भयंकर.

परत आलो तर घोड्यानं प्लास्टर हुंगलं,
चाटून बघितलं, तोंड वाकडं केलं.
त्याच दिवशी गुरांचे डॉक्टर सोद्नोम आले होते,
कळपाला सुया टोचत.
त्यांनी चष्मा वर करून प्लास्टर तपासलं,
खिशातून आपला शिक्का काढला
आणि ठप्पकन मारला.
अजून जपून ठेवलाय तिनं तो तुकडा.
निळ्या शाईत, जरा तिरपं:
"मेंढी. प्रकृती उत्तम."

चला, तुमचा तंबू आला. उतरा.
आणि दार जोरात लावा.